दुखण्यापासून इसीजीपर्यंत

२९ ऑक्टोबर २०२१च्या दुपारी कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार गेल्याची बातमी आली आणि बेंगळुरू शहर सुन्न झालं. वय अवघं ४६. व्यायामाची शिस्त अशी, की कितीतरी तरुण त्यांचं पाहून जिमला जाऊ लागले होते. सकाळी अस्वस्थ वाटू लागलं म्हणून ते आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. तिथून त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवलं, पण उपयोग झाला नाही. त्यानंतरचे कित्येक दिवस बन्नेरघट्टा रस्त्यावरच्या श्री जयदेव हृदयविज्ञान संस्थेत तपासणीसाठी रांगा लागल्या. आयुष्यात कधी रक्तदाबही न मोजलेली तिशी-पस्तिशीची माणसं त्या रांगांत उभी होती.

२०२५च्या जून-जुलैत तेच चित्र पुन्हा दिसलं. हासन जिल्ह्यात सुमारे चाळीस दिवसांत वीसहून अधिक जण हृदयविकाराने दगावल्याच्या बातम्या आल्या, त्यांत तरुणही होते. म्हैसूर आणि बेंगळुरू इथल्या जयदेवच्या बाह्यरुग्ण विभागांत पाय ठेवायला जागा उरली नाही. पहाटेपासून लोक येऊन थांबत. ‘एकदा सगळं चेक करून टाका,’ एवढीच त्यांची मागणी होती.

या भीतीला हसण्याचं कारण नाही. तिच्यामुळे अनेकांना आपला रक्तदाब, आपली साखर पहिल्यांदा कळली. पण दोन्ही वेळा लोक विचारत होते तो प्रश्न एकच: मला अटॅक येईल का? त्याच्या जोडीचा दुसरा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. छातीत दुखायला लागलंच, तर मी किती वेळात इसीजीच्या मशीनपर्यंत पोचेन? ही पुस्तिका दोन्ही प्रश्नांसाठी लिहिलेली आहे. पण भर दुसऱ्यावर आहे, कारण आपल्याकडे माणसं जास्त करून तिथे हातची जातात.

याचा पुरावा बेंगळुरूनेच जगापुढे ठेवला. इथल्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. डेनिस झेवियर, डॉ. प्रेम पैस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या हार्ट अटॅकच्या रुग्णांची ‘क्रिएट’ नावाची नोंदवही उभी केली. ५० शहरं, ८९ रुग्णालयं आणि २०,४६८ रुग्ण. २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटं, म्हणजे सहा तास होता. रुग्णालयात पोचल्यावर गुठळी विरघळवणारं औषध मिळेपर्यंत मात्र जेमतेम ५० मिनिटं गेली होती. म्हणजे डॉक्टरांच्या हाती पडल्यानंतरचा उशीर तासाच्या आत होता आणि त्याआधीचा उशीर त्याच्या सातपट. हे सहा तास घरात, दुकानात, शेतात, रिक्षात आणि गल्लीतल्या दवाखान्याच्या बाकावर गेले होते.

त्याच नोंदवहीत आणखी एक बोचरी गोष्ट होती. महिनाभरात मरण पावलेल्यांचं प्रमाण सधन रुग्णांत ५.५ टक्के होतं, तर गरीब रुग्णांत ८.२ टक्के. मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरल्यावर ही तफावत मिटली. गरिबाचं हृदय काही वेगळं नसतं. त्याला मिळणारे उपचार कमी पडत होते.

उशीर इतका महाग का पडतो, हे समजण्यासाठी आत काय घडतं ते पाहायला हवं. हृदय शरीरभर रक्त ढकलतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते त्याच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या तीन मुख्य धमन्यांतून. वर्षानुवर्षं या धमन्यांच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साचत जातं, त्याला सूज येते आणि वर दुधावरच्या सायीसारखा एक पापुद्रा धरतो. एखाद्या दिवशी तो फाटतो. रक्ताला ती जखम वाटते आणि जखमेवर धरावी तशी गुठळी ते तिथे धरतं. काही मिनिटांत धमनी बंद होते आणि पलीकडच्या स्नायूचा प्राणवायू तुटतो. पापुद्रा फाटतो ती जागा आधीपासून फार अरुंद झालेली असतेच असं नाही. गेल्या महिन्यात ट्रेडमिल टेस्ट ‘नॉर्मल’ आलेल्या माणसालाही अटॅक येऊ शकतो तो यामुळे, आणि म्हणूनच चांगला रिपोर्ट आयुष्यभराची हमी देत नाही.

रक्त अडलं की अर्ध्या तासाच्या आसपास स्नायू मरायला लागतो आणि पुढच्या काही तासांत हा मृत भाग पसरत जातो. रोटरडॅमचे एरिक बोर्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली गुठळी विरघळवणाऱ्या औषधांच्या अनेक चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला होता. औषध पहिल्या तासात दिलं तर दर हजार रुग्णांमागे ६५ जीव जास्तीचे वाचत होते, दुसऱ्या तासात दिलं तर ३७. औषध तेच आणि रुग्णही तसेच, फरक फक्त एका तासाचा. जे वाचतात त्यांच्या बाबतीतही हा तास पुढे दिसतो. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. उशिरा आलेला रुग्ण घरी जातो, पण जिना चढताना धापा टाकतो, पायांवर सूज येते आणि हार्ट फेल्युअरची फाइल उघडली जाते.

मग हे तास जातात कुठे? बऱ्याच घरांत पहिला निदानकर्ता घरातलाच कुणीतरी असतो आणि त्याचं निदान ठरलेलं असतं: ‘गॅस झालाय.’ ओवा चावला जातो, सोडा किंवा अँटासिड घेतलं जातं, पाठ चोळली जाते. ढेकर आली की बरं वाटल्यासारखं होतं आणि आणखी एक तास जातो. छातीच्या मधोमध आवळल्यासारखं किंवा कुणी वजन ठेवल्यासारखं वाटणं, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत उतरणं, दरदरून घाम फुटणं, ही ओळखीची लक्षणं. पण बायकांना, वयस्कांना आणि मधुमेह्यांना दुखतंच असं नाही. नुसता दम लागणं, अकारण गळून जाणं, मळमळ किंवा पोटाच्या वरच्या भागात जळजळ एवढंच असू शकतं. त्यात घरातली बाई स्वतःच्या दुखण्याकडे सगळ्यात शेवटी बघते. सगळ्यांची जेवणं उरकू दे, मग बघू, असं म्हणून तिचे तास आणखी लांबतात.

बेंगळुरूची म्हणून काही वेगळी कारणं आहेत. इथे पुण्या-कोल्हापूरपासून नागपूर-अकोल्यापर्यंतची हजारो मराठी मुलं-मुली नोकरीनिमित्त राहतात आणि आईवडील वर्षातले काही महिने त्यांच्याकडे येऊन असतात. दिवसा मुलगा-सून कामावर, शेजारी अनोळखी आणि कन्नड येत नाही. सांगलीत असते तर त्या वडिलांनी ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला असता. व्हाइटफील्डच्या अकराव्या मजल्यावर ते ‘पोरांना उगाच त्रास नको’ म्हणून संध्याकाळची वाट बघतात. घराबाहेर पडल्यावर रस्ता आडवा येतो. टॉमटॉम या कंपनीच्या २०२२च्या मोजणीत शहराच्या मध्यभागात १० किलोमीटरला सरासरी २९ मिनिटं लागत होती. तेवढं अंतर कापून पोचलेलं रुग्णालय जर असं निघालं की तिथे इसीजीला माणूस नाही किंवा बंद धमनी उघडण्याची सोय, म्हणजे कॅथ लॅब, नाही, तर पुन्हा गाडीत बसायचं आणि पुन्हा त्याच रस्त्यावर.

जवळचं कोण, याहून महत्त्वाचं आहे तिथे काय आहे ते.

मराठी वाचकांना चांगलं आठवत असेल असं एक उदाहरण मुंबईचं आहे. १४ डिसेंबर २०२३ रोजी अभिनेते श्रेयस तळपदे चित्रीकरण संपवून घरी निघाले तेव्हा त्यांना दम लागत होता आणि डावा हात दुखत होता. दिवसभर मारामारीची दृश्यं केली होती, त्यामुळे स्नायू आखडला असेल, असं त्यांना वाटलं. वय ४७. कोलेस्टेरॉल थोडं जास्त होतं, त्याची गोळी चालू होती, घराण्यात हृदयविकार होता आणि तपासण्याही केलेल्या होत्या. हे सगळं पुढे त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितलं. पत्नी दीप्ती यांनी वेळ न दवडता गाडी रुग्णालयाकडे घेतली. दाराशी पोचता पोचता त्यांची शुद्ध हरपली, हृदय थांबलं. वाहतुकीत अडकलेल्या गाडीचं आपल्या बाजूचं दार उघडेना, तेव्हा दीप्ती त्यांच्या अंगावरून पलीकडे गेल्या आणि रस्त्यावरच्या लोकांना हाका मारल्या. लोक धावले, त्यांनी उचलून आत नेलं. डॉक्टरांनी छाती दाबून आणि विजेचा झटका देऊन हृदय पुन्हा चालू केलं, मग अँजिओप्लास्टी झाली. त्यांना वाचवणाऱ्या साखळीतल्या पहिल्या दोन कड्यांना वैद्यकीय शिक्षण नव्हतं.

इथे हार्ट अटॅक आणि कार्डिअॅक अरेस्ट यांतला फरक लक्षात घ्यायला हवा. अटॅकमध्ये धमनी बंद होते, पण हृदय चालू असतं आणि माणूस बोलत असतो. अरेस्टमध्ये हृदयाची लय बिघडून ते रक्त ढकलायचंच थांबतं आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, आणि तो धोका पहिल्या तासात सर्वाधिक असतो. म्हणून अटॅक आलेल्याने स्वतः गाडी चालवत जाऊ नये. समोरचा कोसळला आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबत राहणं हा सीपीआर कुणीही करू शकतो. लयबिघाडाने थांबलेल्या हृदयाला सीपीआर आणि झटका मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता प्रत्येक मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका येईपर्यंत हात जोडून उभं राहणं परवडणारं नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे: अटॅक कुणाला येतो? इथे नागपूरचा उल्लेख करायलाच हवा. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने २००४ साली दाखवलं, की पहिल्या अटॅकचा ९० टक्क्यांहून अधिक धोका नऊ गोष्टींशी बांधलेला आहे. तंबाखू, रक्तातल्या चरबीचं बिघडलेलं प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाच्या सवयी. याच अभ्यासातल्या दक्षिण आशियाई रुग्णांची स्वतंत्र छाननी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ‘जामा’त प्रसिद्ध केली. इतर देशांत पहिला अटॅक सरासरी ५८.८ व्या वर्षी येत होता, आपल्या उपखंडात ५३ व्या. जवळजवळ सहा वर्षं आधी. कारण शोधलं तेव्हा कुठलंही गूढ निघालं नाही. तीच नऊ कारणं आपल्याकडे तरुण वयातच जमा होत होती.

हे वाईट वाटणारं असलं तरी दिलासा देणारंही आहे, कारण या नऊतलं बहुतेक काही बदलता येतं किंवा आटोक्यात ठेवता येतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३च्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब. दोन्ही आजार वर्षानुवर्षं न दुखता राहतात. पुरुषांचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रियांचा ८०च्या वर गेला, की आपल्या लोकांत धोका वाढू लागतो, मग वजनकाटा काहीही सांगो. सिगारेट किंवा बिडी सोडली तर हृदयविकाराचा वाढीव धोका वर्षभरात जवळपास निम्म्यावर येतो. इतकं लवकर फळ देणारा दुसरा उपाय क्वचितच सापडेल. जयदेव संस्थेने एप्रिल २०१७ पासून चाळिशीच्या आतल्या हृदयरुग्णांची वेगळी नोंद ठेवायला घेतली, त्यातही बहुसंख्य पुरुष आणि तंबाखू हे मोठं कारण म्हणून पुढे आलं.

हासनच्या मृत्यूंनंतर मात्र चर्चा भलतीकडेच वळली. कोविडच्या लसीवर संशय घेतला गेला आणि खुद्द कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनीही तो जाहीरपणे बोलून दाखवला. या संशयाचं उत्तर आधीच उपलब्ध होतं. आयसीएमआरने ४७ रुग्णालयांच्या मदतीने १८ ते ४५ वयातल्या आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास करून २०२३ सालीच सांगितलं होतं, की लसीमुळे असा धोका वाढलेला नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्या होत्या. कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागणं, घरात आकस्मिक मृत्यूचा इतिहास असणं, मृत्यूआधीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू पिणं आणि त्याच काळात अंगाबाहेरचा व्यायाम करणं. हासनसाठी नेमलेल्या, जयदेवचे तेव्हाचे संचालक डॉ. के. एस. रवींद्रनाथ यांच्या समितीलाही मृत्यूंत असाधारण वाढ आढळली नाही. जुनीच कारणं सापडली आणि मृतांत रिक्षा-टॅक्सी चालवणारे बरेच निघाले.

चालकांचा हा मुद्दा बेंगळुरूने डोळ्यांनी पाहिलेला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये शहर बससेवेच्या (बीएमटीसी) एका बसचा चाळिशीतला चालक धावत्या गाडीत स्टिअरिंगवरच कोसळला. वाहकाने झेप घेऊन गाडी थांबवली म्हणून प्रवासी बचावले, चालक मात्र वाचला नाही. बसमधल्या कॅमेऱ्यातलं ते चित्रण देशभर फिरलं. बारा-बारा तास बसून काम, अवेळी खाणं, धूर, अपुरी झोप आणि जागं राहायला बिडी-गुटखा, असा हा दिनक्रम आहे. त्यात एक दिवस तपासणीला गेलं तर त्या दिवसाचं भाडं बुडतं. जागृतीचे फलक मोठ्या रुग्णालयांच्या आवारात लागतात, त्यांची जास्त गरज रिक्षास्टँडवर आणि डेपोत आहे.

उशिरावर सरकारी पातळीवर काय करता येतं, याचंही एक उदाहरण कर्नाटकात उभं राहिलं आहे. पुनीत यांच्या मृत्यूनंतर दोन-अडीच वर्षांत त्यांच्याच नावाने ‘हृदय ज्योती’ योजना सुरू झाली. तिची मांडणी सोपी आहे. तालुक्याच्या रुग्णालयात छातीत दुखणारा रुग्ण आला की परिचारिका त्याच्या छातीवर सहा आणि हातापायांवर चार इलेक्ट्रोड लावते. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने पुढे सरकतो आणि बारा आलेख उमटतात. त्यातला एक ठरावीक भाग पायरीसारखा वर उचललेला दिसला, तर मोठी धमनी पूर्ण बंद झाल्याची शक्यता दाट असते. तो आलेख तिथूनच मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञांकडे जातो, ते काही मिनिटांत निदान कळवतात आणि टेनेक्टेप्लेस हे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वजनाच्या हिशेबाने एकाच वेळी शिरेतून दिलं जातं. बाजारात हजारोंच्या घरात जाणारं हे औषध इथे मोफत मिळतं. मग रुग्णाला अँजिओग्राफीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवतात. दूरच्या गावातल्या रुग्णाने आधी शहर गाठायचं आणि मग उपचार, हा क्रम इथे उलटा केलेला आहे. या पद्धतीची वाट तामिळनाडूत कोइम्बतूरचे डॉ. थॉमस अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घालून दिली होती.

पण यातली कुठलीही यंत्रणा माणूस घरातून निघाल्यावरच कामाला लागते. त्याला निघायला लावणं हे या पुस्तिकेचं काम आहे.

पहिल्या भागात लक्षणं आहेत, त्यांत स्त्रियांची आणि मधुमेह्यांची वेगळी दिली आहेत. दुसऱ्या भागात दुखायला लागल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत करायच्या गोष्टी: १०८ला फोन, माणसाला बसवून ठेवणं, अॅस्पिरिनची अॅलर्जी, अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर डॉक्टरांना फोनवर विचारून साधारण ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खाणं, आणि शेजारच्याच्या सांगण्यावरून जिभेखाली सॉर्बिट्रेट न ठेवणं, कारण रक्तदाब आधीच खाली असेल तर ती गोळी घात करू शकते. तिसऱ्या भागात सीपीआर चित्रांसह आहे. नऊ कारणं, त्यांच्या तपासण्या आणि औषधं चौथ्या भागात आहेत, आणि स्टेंट बसवून घरी आलेल्यांसाठी पाचवा भाग राखला आहे. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनानेच बंद करणारे रुग्ण अजूनही पुन्हा दाखल होतात, म्हणून तो भाग थोडा विस्ताराने लिहिला आहे.

मलपृष्ठावर एक कोरा तक्ता छापला आहे. त्यात घराजवळच्या अशा दोन रुग्णालयांची नावं लिहायची, जिथे चोवीस तास इसीजी आणि कॅथ लॅब चालू असते. सोबत त्यांच्या आपत्कालीन विभागाचा फोन, घरातल्या प्रत्येकाची चालू औषधं आणि अॅलर्जी, मजल्यावरच्या दोन शेजाऱ्यांचे नंबर. गावाहून आईवडील आलेले असतील तर त्यांच्या फोनमध्येही हे सगळं भरायचं आणि सोसायटीच्या सुरक्षारक्षकाला लिफ्ट कशी अडवून ठेवायची ते सांगून ठेवायचं. पुस्तिकेतलं बाकी सगळं सवडीने वाचलं तरी चालेल. हा तक्ता मात्र दोन्ही रुग्णालयांना प्रत्यक्ष फोन करून, खात्री करून, आजच भरावा.